लसूणघासावरून गवतावर: एका घोडीचा चारा बदलताना

१३ वर्षांची घोडी. कामात जड नाही, आठवड्यातून तीन-चार वेळा हलकी रपेट. पागेत आल्यापासून तिची मुख्य वैरण लसूणघासाची: वाळलेली, आणि मिळेल तेव्हा थोडी हिरवी. सोबत रोज २ किलो गव्हाचा कोंडा आणि वर मूठभर दाणा. अंगाने ती चांगलीच भरली होती. बरगडी बोटांनी जोर देऊन चाचपावी लागे, मानेच्या वरच्या कडेला चरबीची वळकटी होती आणि शेपटीच्या मुळाशी मऊ गादी. घोड्याच्या अंगावरची चरबी जोखण्यासाठी १ ते ९ अशी मोजपट्टी वापरतात, १९८३ साली डॉन हेनेके यांनी मांडलेली. तीवर ही घोडी ८ वर बसत होती. तिच्या खणात सकाळी शिरलं की अमोनियाचा वास नाकात जायचा आणि लघवी दाट, पांढुरकी पडायची.

पशुवैद्यांनी मालकांना सांगितलं की लसूणघास बंद करून साधं वाळलेलं गवत द्या. सल्ला योग्य होता. लसूणघासात प्रथिनं साधारण १५ ते २० टक्के असतात. हलक्या कामाच्या घोडीला एवढ्यांची गरज नसते. जादा प्रथिनांचा नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो, त्यामुळे घोडी पाणी जास्त पिते, लघवी जास्त करते आणि खणाला तो वास येतो. लघवीतला पांढुरका गाळ म्हणजे बहुतेक कॅल्शियम. घोड्याच्या लघवीत तो एरवीही असतो, लसूणघासावर वाढतो.

बदल ठरला तो असा: लसूणघासाची गंजी संपली त्याच संध्याकाळी गवताचे गठ्ठे उतरले आणि रात्रीच्या वैरणीपासून गवत सुरू झालं. कोणी निष्काळजीपणा केला असं मी म्हणणार नाही. याच पागेत दाणा बदलायचा तर मापटं घेऊन थोडं थोडं बदलतात. पण वैरण म्हणजे वैरण, तिने काय होतंय, असा समज जवळजवळ सगळीकडे आहे, आणि हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण तोच समज आहे. या घोडीच्या पोटात रोज जे जात होतं त्यातला तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग वैरणीचा होता. तो सगळा भाग एका रात्रीत बदलला.

तिसऱ्या दिवशी ती पुढच्या पायाने जमीन उकरू लागली. मान वळवून कुशीकडे बघायची, खाली बसायची, पुन्हा उठायची. लीद थोडी, लहान लहान कडक गोळ्यांची, वर चिकट पापुद्रा. नाडी मिनिटाला ५२; शांत उभ्या असलेल्या घोड्याची साधारण २८ ते ४४ असते. पशुवैद्यांनी हात घालून तपासलं तेव्हा मोठं आतडं जिथे एकदम अरुंद होऊन मागे वळतं तिथे चाऱ्याचा गोळा अडकलेला लागला. नाकातून नळी घालून पाणी आणि तेल दिलं, वेदनाशामक दिलं, चारा थांबवला. दुसऱ्या दिवशी पोट मोकळं झालं. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात कोंडलेलं पुढेच सरकावं लागतं. ते सरकलं, हे त्या घोडीचं नशीब आणि पशुवैद्यांची तत्परता. त्यानंतर मालकांनी घाबरून पुन्हा लसूणघास आणला आणि चारा बदलायचा विचारच सोडून दिला. वजन मात्र तिथेच राहिलं. चारा नीट बदलून द्यायला मला बोलावलं ते त्यानंतर.

पोटात नेमकं काय बदलतं

घोड्याचं जठर लहान असतं, ८ ते १५ लिटरचं. गवताचा धागा तिथे किंवा लहान आतड्यात फारसा पचत नाही. तो पचतो त्याच्या पुढे, सीकम (लहान आतडं संपतं तिथली मोठी पिशवी) आणि मोठ्या आतड्यात. नुसती सीकम साधारण मीटरभर लांब असते आणि तीत ३० लिटरच्या आसपास मावतं. तिथे जिवाणू, एकपेशीय जीव आणि बुरशी मिळून धाग्याचं आंबवण करतात. त्यातून निघणारी आम्लं रक्तात शोषली जातात आणि चाऱ्यावर जगणाऱ्या घोड्याची बहुतेक ऊर्जा त्यांतूनच येते.

हे जीव जो चारा मिळेल त्याप्रमाणे वाढतात आणि घटतात. लसूणघासात पेक्टिन भरपूर असतं, ते चटकन आंबतं. गवतात हेमिसेल्युलोज जास्त, त्याला वेळ लागतो आणि ते फोडणारे जीव वेगळे असतात. एका रात्रीत चारा बदलला की जुन्या जिवांचं खाणं जातं आणि नव्या चाऱ्याचं काम करायला पुरेसे जीव अजून तयार नसतात. मग धागा अर्धवट पचलेला, कोरडा, पुढे सरकतो आणि अरुंद वळणापाशी साचतो. ही वस्ती नव्या चाऱ्यावर स्थिरावायला दोन ते तीन आठवडे जातात, असं धरून चालावं.

अमेरिकेत टेक्सासमध्ये पोटशूळ झालेल्या आणि न झालेल्या घोड्यांची तुलना करणारे दोन अभ्यास १९९९ आणि २००१ साली प्रसिद्ध झाले. दोन्हींत अलीकडे झालेला चाऱ्यातला बदल हा धोक्याचा घटक म्हणून पुढे आला. तेव्हा वैरणीने काय होतंय, या प्रश्नाला उत्तर आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला चारा बदलताना सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आज खाल्लेलं गवत लीद होऊन बाहेर यायला साधारण दीड ते तीन दिवस लागतात. म्हणजे सोमवारी केलेल्या बदलाचा परिणाम गुरुवारच्या लिदीत दिसतो. रोज थोडं थोडं प्रमाण वाढवणारी माणसं काळजीने वाढवतात, पण बिघाड दिसेपर्यंत त्यांनी पुढच्या तीन पायऱ्या चढून टाकलेल्या असतात. म्हणून माझी पद्धत अशी: एक पायरी चढायची, मग निदान आठवडाभर तिथेच थांबायचं. पुढची पायरी तारीख बघून चढायची नाही, लीद बघून चढायची.

बदलाआधीची तयारी

पहिले काही आठवडे आम्ही काहीच बदललं नाही. नुकतंच अडकून मोकळं झालेलं पोट आधी जुन्या चाऱ्यावर पूर्ण स्थिर व्हायला हवं होतं. तेवढ्यात मोजमापं करून घेतली.

वजनकाट्यावर घोडी चढवायची सोय नव्हती, म्हणून टेप लावला. छातीचा घेर १७८ सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी १५२ सेंटिमीटर. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०: उत्तर ४०५ किलो. हे अंदाजाचं गणित आहे, पण त्याच माणसाने, त्याच जागी टेप लावून दर पंधरवड्याला मोजलं तर वजन कुठल्या दिशेला चाललंय ते नीट कळतं.

मग चारा तोलला. पागेत माप होतं ते गठ्ठ्यातल्या थरांचं: सकाळी दोन थर, संध्याकाळी दोन. लसूणघासाचा थर आणि गवताचा थर दिसायला सारखे, पण काट्याला अडकवल्यावर लसूणघासाचा थर बराच जड निघाला. म्हणजे पहिल्या प्रयत्नात नुसता चारा बदलला नव्हता, त्याचं वजनही नकळत घटलं होतं. घोड्यांची देखभाल करणारे मोतद्दार मामा बराच वेळ काट्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “ताई, म्हणजे तिला आम्ही उपाशी ठेवलं होतं की.” तसं अगदीच नव्हतं, पण त्या दिवसापासून त्यांनी एकही थर न तोलता गव्हाणीत टाकला नाही. लटकता काटा ही पागेतली सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी वापरली जाणारी वस्तू आहे.

ती लसूणघास खात होती रोज सुमारे ८ किलो. गवत द्यायचं ठरवलं ७ किलो. याहून खाली उतरायचं नाही, हे मालकांना निक्षून सांगावं लागलं, कारण घोडी बारीक करायची म्हटलं की माणसांचा हात आखडतो. शरीराच्या वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा ही खालची मर्यादा धरतात. ४०५ किलोला ते ६ किलोच्या थोडं वर, आणि वाळलेल्या गवतातही दहा-बारा टक्के ओल असते, म्हणून ७. लठ्ठ घोडी उपाशी ठेवली तर अंगावरची चरबी एकदम रक्तात उतरते आणि यकृतावर बेतू शकतं. बारीक करायची ती चाऱ्याची जात बदलून, चारा तोडून नाही.

तिसरं गणित साठ्याचं. पहिला आठवडा पाऊण भाग जुना चारा, दुसरा आठवडा अर्धा, तिसरा आठवडा पाव. रोजचे ८ किलो धरले तर ४२, २८ आणि १४, मिळून ८४ किलो लसूणघास हाताशी हवा. मध्ये कुठे थांबावं लागलं तर आणखी. आम्ही दीडशे किलो बाजूला काढून ताडपत्रीखाली ठेवला आणि मगच सुरुवात केली. चारा बदलायचा तर सुरुवात जुनी गंजी संपायच्या आत व्हायला हवी. संपल्यावर बदलायला काही उरतच नाही, फक्त नवं टाकता येतं. पहिल्या खेपेला सगळं तिथेच चुकलं होतं.

पाव भागावरून अर्ध्यावर

पहिला आठवडा सरळ गेला. दोन्ही चारे हाताने पिंजून एकत्र केले, दिवसातून चार वेळा विभागून दिले. लीद दिवसातून आठ-दहा वेळा, गोळे ओलसर, जमिनीवर पडल्यावर किंचित फुटणारे. खणातला वास थोडा उतरला.

अर्ध्या भागावर गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी लीद पुन्हा लहान आणि कोरडी होऊ लागली. दुखण्याची चिन्हं नव्हती, खाणं चालू होतं. पण आधीचा प्रसंग ताजा असल्यामुळे सगळ्यांचे चेहरे उतरले. मालकांचं म्हणणं पडलं की तिला गवत मानवतच नाही, सोडून द्या. मला ते पटलं नाही. गवत न मानवणारी घोडी मी पाहिलेली नाही; गवत खाण्यात अडचण असलेल्या घोड्या मात्र पाहिल्या आहेत.

आधी पाणी तपासलं. खणात आपोआप भरणारं भांडं होतं, त्यामुळे ती किती पिते ते कोणालाच ठाऊक नव्हतं. भांडं बंद करून बादल्या ठेवल्या आणि मोजलं: दिवसाला १८ लिटरच्या आसपास. कोरड्या चाऱ्यावरच्या एवढ्या वजनाच्या घोडीने निदान २० लिटर प्यावं. इथे एक खाच आहे. लसूणघास कमी झाला की प्रथिनं कमी होतात, लघवी कमी होते आणि पाणी पिणं थोडं उतरतं, हे अपेक्षितच आहे. म्हणून बादलीवरचा आकडा एकटा बघून घाबरू नये. तो लिदीच्या ओलीसोबत वाचावा. इथे लीद कोरडी होती, म्हणजे १८ लिटर तिला अपुरे होते. दिवसाला ३० ग्रॅम साधं मीठ सुरू केलं, गवत देण्याआधी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवून निथळू दिलं आणि बादली थंडगार न ठेवता थोडी कोमट केली.

मग गव्हाणीत काय उरतं ते पाहिलं. हे काम कंटाळवाणं आहे, पण उत्तर तिथेच होतं. घोडीने मिश्रणातली लसूणघासाची पानं ओठांनी वेचून खाल्ली होती आणि गवताच्या लांब काड्या मागे ठेवल्या होत्या. आपण अर्धं-अर्धं देतो म्हणून तिने अर्धं-अर्धं खाल्लं, हे गृहीत धरता येत नाही. उरलेलं तोललं तर गवत जवळजवळ पाव भागच पोटात जात होतं. आणि गव्हाणीच्या कोपऱ्यात, बोटाएवढ्या लांब, चावून चावून गुंडाळी झालेल्या गवताच्या ओल्या वळ्या पडल्या होत्या. तोंडात घेतलेलं गवत तिने चघळून बाहेर टाकलं होतं.

अशी वळी दिसली की चारा राहू द्यावा आणि तोंड उघडून बघावं. पशुवैद्यांनी तोंडाला आकडा लावून दिवा टाकला. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा सुरीसारख्या झालेल्या, गालाला आतून जखमा, आणि खालच्या शेवटच्या दाढेला पुढे आलेलं टोक. घोड्याच्या दाढा आयुष्यभर हिरडीतून वर येत राहतात आणि आडव्या हालचालीने झिजत राहतात. झीज सारखी झाली नाही की कडा राहून जातात. लसूणघासाची पानं मऊ, दोन-चार चावण्यांत गिळता येणारी, त्यामुळे इतकी वर्षं तिचं निभावून गेलं. लांब धाग्याच्या गवताला दाढ आडवी पूर्ण फिरवावी लागते, आणि तिथे गालाला टोचत होतं. मऊ चाऱ्याने दातांचं दुखणं झाकून ठेवलं होतं. पहिल्या वेळी अडकलेला गोळा निव्वळ घाईच्या बदलामुळे होता की त्यात नीट न चावलेल्या गवताचाही वाटा होता, तर माझ्या मते दोन्हींचा.

भूल देऊन कडा घासून घेतल्या. पुढचा आठवडा आम्ही अर्ध्यावरच थांबलो, गालाच्या जखमा भरू दिल्या. बाजूला काढलेला जास्तीचा साठा इथे कामाला आला. लसूणघास ८४ ऐवजी ११२ किलो लागला. त्याच आठवड्यात मिश्रण करायची पद्धतही बदलली: आधी गवत, भूक ताजी असताना, लसूणघास तासाभराने. वेचून खायला जागाच उरली नाही. गव्हाणीतल्या वळ्या थांबल्या आणि लिदीचे गोळे पुन्हा मोठे, ओलसर झाले.

कोंड्याचा हिशेब

चारा बदलताना ताटातल्या बाकीच्या गोष्टी तशाच ठेवल्या तरी त्यांचा अर्थ बदलतो, हे या प्रकरणात स्पष्ट दिसलं. घोडीला रोज २ किलो गव्हाचा कोंडा मिळत होता. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, किलोमागे १० ग्रॅमच्या वर, आणि कॅल्शियम नगण्य. लसूणघासात उलट: कॅल्शियम साधारण १.३ टक्के, फॉस्फरस पाव टक्का. ८ किलो लसूणघासातून शंभर ग्रॅमच्या वर कॅल्शियम मिळत होतं आणि कोंडा धरूनही कॅल्शियम फॉस्फरसच्या दुपटीहून जास्त राहत होतं.

गवतात कॅल्शियम ०.४ टक्क्यांच्या आसपास. ७ किलोतून २८ ग्रॅम. एवढ्या वजनाच्या, हलक्या कामाच्या घोडीची रोजची गरज २४ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नुसत्या गवतावर भागतं. पण वर तेच २ किलो कोंडा ठेवला तर कॅल्शियम ३० ग्रॅम आणि फॉस्फरस ३५ च्या वर, म्हणजे पारडं उलटं. फॉस्फरस जास्त झाला की कॅल्शियमचं शोषण अडतं आणि शरीर ते हाडांतून काढून घेतं. महिनोन्महिने असं चाललं तर जबड्याची आणि चेहऱ्याची हाडं पोखरून सुजतात, चाल आखडते. कोंड्यावर पोसलेल्या घोड्यांत हा आजार पूर्वीपासून माहीत आहे. म्हणजे इतकी वर्षं लसूणघास त्या कोंड्याला सांभाळून घेत होता, आणि तो काढताना कोंड्याकडे कोणी बघितलं नव्हतं.

कोंडा दर आठवड्याला अर्धा किलो याप्रमाणे उतरवला आणि शेवटी बंद केला. दाणाही बंद. हलक्या कामाच्या, भरल्या अंगाच्या घोडीला त्याची गरज नव्हती. त्याऐवजी खनिज मिश्रण आणि मीठ, तोबऱ्यात मूठभर भिजवलेल्या गवताच्या चुऱ्यासोबत, म्हणजे पागेत सगळ्यांना चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मिळत असताना तिचीही मान रिकामी राहत नाही. दुसऱ्यांना मिळतंय आणि आपल्याला नाही, हे घोड्याला कळतं आणि त्याचा त्याला त्रास होतो. तो त्रास टाळता येत असेल तर टाळावा.

शेवटचा पाव भाग

पाऊण गवतावरून पूर्ण गवतावर जाताना काही विशेष घडलं नाही. फक्त लसूणघास शून्यावर आणला नाही. रोज अर्धा किलो ठेवला, रपेटीच्या आधी द्यायला. लसूणघासातलं कॅल्शियम आणि प्रथिनं जठरातलं आम्ल काही प्रमाणात शमवतात आणि रिकाम्या पोटी धावताना ते आम्ल जठराच्या वरच्या, अस्तर नाजूक असलेल्या भागावर उसळतं. शिवाय पोटातल्या जिवांची लसूणघासाची ओळख राहते. उद्या गवताची टंचाई झाली तर मागे वळायला वाट मोकळी.

गवत म्हणजे कमी साखर, असं मात्र मानू नये. थंड हवेत वाढलेलं, कोवळं असताना कापलेलं गवत साखरेच्या बाबतीत लसूणघासाच्या पुढेही जाऊ शकतं. हिच्या मानेवरची चरबी बघून आम्ही फुलोऱ्यानंतर कापलेलं, जाडसर गवत निवडलं आणि ते भिजवून देणं चालू ठेवलं. अशा घोडीला जास्त साखरेने खुरांच्या आत सूज येऊ शकते, म्हणून खुरांवर रोज हात फिरवून ऊब तपासणं हेही मामांच्या कामात जमा झालं.

चार महिन्यांनी टेपचं गणित ३७० किलोवर आलं. बरगडी आता तळहात फिरवला की लागते. मानेवरची वळकटी मऊ पडली आहे, पूर्ण गेलेली नाही, आणि जायला अजून वेळ लागेल. लघवी पातळ, खणात वास नाही. दात दर सहा महिन्यांनी तपासायचे ठरले आहेत, कारण तोंडात एकदा टोकं झाली की ती परत होतात.

आता पागेत प्रत्येक नव्या खेपेला हाच नियम आहे, चारा तोच असला तरी. एकाच जातीचं गवत वेगळ्या शेतातलं, वेगळ्या वयात कापलेलं असेल तर पोटाला ते वेगळंच असतं. म्हणून नवे गठ्ठे उतरायच्या आधी जुन्यांतले शेवटचे पंधरा-वीस वेगळे काढून ठेवतात, आणि त्यांवर मामांनी खडूने फुली मारलेली असते, म्हणजे घाईत कोणी उघडू नये.